लग्नातला ड्रोनवाला, ४ स्टार, एक कशाला कापला ते पण सांगतो

मे मध्ये पुतणीचं लग्न होतं, गंगाखेडपासून आत आमच्या गावाकडं, मंडप शेतातच टाकलेला, म्हणून यांचा ड्रोन ६ हजारात ठरवला. पोरगं खरं बोलणारं आहे, पहिल्याच दिवशी म्हणलं, दादा माझा विमा नाही बरं का, ड्रोन २४९ ग्रॅमचा आहे, २५० पर्यंत नॅनो, अन् नॅनोला २०२१ च्या ड्रोन नियमात थर्ड पार्टी विम्याची सक्ती नाही. बरोबरय ते. पण सक्ती नाही म्हणून कुणाचं डोकं फुटलं तर भरपाई माफ होती का, ती त्याच्याच खिशातून जाणार. म्हणूनच गडी लैच नाही नाही करतो.

वरातीवरून नाही. मंडपावरून नाही. १२.३५ चा मुहूर्त, अक्षदा पडायल्यात अन् हा बांधावर उभा राहून मोकळ्या रानावरून तिरपा शॉट घ्यायलाय. आमचे भाऊ तापले, पैसे कशाचे घेतो मग हा! तेवढ्यात वावटळ उठली, पत्रावळ्या अन् दोन पाहुण्यांच्या टोप्या गेल्या उडून, अन् यानं ड्रोन झटकन वखरलेल्या रानात उतरवला. भाऊ परत काही बोलले नाहीत.

मी म्हणलं पंख्यांना गार्ड तरी लाव, लेकरं पळायलेत. तर यानं बॅगेतून छोटा वजनकाटा काढला, गार्ड लावून ड्रोन त्याच्यावर ठेवला, आकडा २५० च्या वर. म्हणला आता हा मायक्रो झाला, धंद्याला उडवायचा तर पायलटचं सर्टिफिकेट लागतं अन् विमा बी. म्हणजे बघा, सेफ करायला गेलं की नियमात अडकायलंय. मग मंडपवाल्याची उरलेली दोरी घेऊन उडवायच्या जागेला घेर घातला अन् एक पोरगं राखणीला बसवलं, झालं.

स्टार कापला तो त्यांच्या कागदासाठी. अ‍ॅडव्हान्स देताना सही घेतात, त्यात बारीक अक्षरात होतं की काही नुकसान झालं तर जबाबदारी ग्राहकाची. उडवणार तू अन् भरणार आम्ही? अन् उद्या कुण्या पाहुण्याच्या गाडीची काच फुटली तर त्यानं कुठं तुझ्या कागदावर सही केलीय, तो तुलाच धरणार की. लगेच खोडली ती ओळ, कुरकुर केली नाही. पण न वाचता सही करणारेच जास्त असतील, तेव्हा तुम्ही वाचून करा.

व्हिडिओ एक नंबर. पेनड्राइव्ह मात्र मागून घ्या, नुसत्या लिंकवर भागवतो.