माडीच्या सागवानी फळ्या: पीयू की जवसाचं तेल?

जुन्या घराची लाकडी जमीन दुरुस्त करायला काढली की पॉलिशवाला हमखास पीयू (पॉलियुरेथेन, लाकडावर प्लास्टिकसारखा पापुद्रा धरणारं पॉलिश) सुचवतो आणि घरातलं एखादं वडीलधारं माणूस जवसाच्या तेलावर अडून बसतं. आमच्या कोकणातल्या माडीवर दोन्ही नांदतात. पुढच्या खोलीला पीयू, मागच्या खोलीला जवसाचं डबल बॉइल्ड (कच्च्यापेक्षा लवकर वाळणारं) तेल.

डागांचं काम दोन्हीकडे सारखंच. खिळ्यांभोवती काळं पडतं ते लोखंड, ओल आणि लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) एकत्र आल्यामुळे. तो डाग खोल गेला असेल तर पॉलिश पेपरने घासत बसण्यात अर्थ नाही. गरम पाण्यात ऑक्झॅलिक ॲसिड कालवून ब्रशने लावा (हातमोजे घालूनच, विषारी असतं), मग दोनतीनदा पाण्याने पुसून फळी खडखडीत वाळू द्या. वाळवीने पोखरलेली फळी मात्र बदलायचीच, आणि जमलं तर जुन्याच सागवानाची घाला; नवी फळी कितीही पॉलिश केली तरी वेगळी उठून दिसते.

दिसायला पीयू सरस, हे मान्य. तकाकी राहते, रोजचा ओला पोछा चालतो. तेल सावकाश वाळतं, सुरुवातीला धूळ धरतं, पुढे काळवंडतं आणि अधूनमधून पुन्हा लावावं लागतं.

पण आमच्याकडे वर कौलं आहेत, आणि कौलांवर वानरं. एखादं कौल सरकलं की पावसात नेमकं एका जागी ठिबकतं. पीयूच्या खोलीत कपाट ओढल्याचा ओरखडा होता, पाणी तिथूनच आत शिरलं. पापुद्रा पांढरट होऊन सुटायला लागला. तेवढंच ठिगळ लावलं तर कडा दिसते, म्हणून पॉलिशवाला म्हणाला, अख्खी खोली घासू. मागच्या खोलीत तसाच डाग पडला, तेव्हा त्या एका फळीला पेपर मारला, चिंधीने तेल चोळलं, काम झालं.

शहरात वर पक्का स्लॅब असेल, घरात लहान मुलं असतील, तर पीयूच बरं पडेल कदाचित. सागाला स्वतःचं तेल असतं, तेव्हा आधी थिनरने पुसून घ्यायला सांगा, नाहीतर पीयू नीट धरत नाही. कौलारू घराला मात्र मी तरी तेलच लावीन. फक्त तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात. अंगणात पसरून वाळवा.