छापील कापडाचा साधा ब्लाऊज: गावातल्या शिवणकेंद्राचा अनुभव

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात काही महिला मिळून एक लहानसे शिवणकेंद्र चालवतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि उन्हाळ्यात सुती ब्लाऊजशिवाय दुसरे काही अंगावर सहन होत नाही, म्हणून या केंद्रातून शिवून घेतलेल्या ब्लाऊजबद्दल सविस्तर लिहीत आहे.

कापड होते कलमकारी छापाचे. मूळच्या कलमकारीत आंध्र प्रदेशातल्या श्रीकाळहस्तीचे काम कलमाने हातानेच रेखतात आणि मछलीपट्टणमचे लाकडी ठशांनी छापतात. बाजारात आम्हाला मिळते ते बहुतेक यंत्रावर छापलेले असते आणि माझेही तसेच होते. गडद तांबड्या रंगावर मोहरी आणि निळ्या रंगाचे मोर, सगळ्यांच्या माना वर. अशा एकाच दिशेच्या छापाला नेहमीचे 80 सेंटीमीटरचे पीस अपुरे पडते, कारण कापड वाचवण्यासाठी बाही उलटी ठेवून कापता येत नाही. म्हणून मी पूर्ण 1 मीटर घेतले होते.

याआधी अशाच कापडाचा ब्लाऊज मी दुसऱ्या एका दुकानात दिला होता. तिथे कापडाची आडवी घडी घालून दोन्ही बाह्या एकदम कापल्या गेल्या, त्यामुळे वरच्या थरातले मोर सरळ आले आणि खालच्या थरातले उलटे. तो ब्लाऊज मी आजवर एकदाही घातलेला नाही. या केंद्रातल्या ताईंनी मात्र कात्री हातात घेण्याआधी कापड टेबलावर पूर्ण उलगडले, मोरांच्या मानेवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "मॅडम, हे उलटे नाई लटकले पायजे, बाह्या मी एक-एक करून कापते." त्यांच्या त्या एका वाक्यानेच माझा विश्वास बसला.

त्यांनी कापड लगेच शिवायला घेतलेही नाही. कापड आणि अस्तर दोन्ही रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून आणायला सांगितले. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, आणि अस्तर वेगळ्या प्रमाणात आटले तर वरच्या कापडाला सुरकुत्या पडतात. भिजवलेल्या पाण्याला तांबूस रंग आला, तेव्हा हा ब्लाऊज पहिले काही दिवस वेगळा धुवावा लागणार हेही मला आधीच कळले.

माप घेतानाची एक गोष्ट मला फार आवडली. छाती, कंबर, उंची झाल्यावर ताई म्हणाल्या, "फळ्यावर लिवता ना, तसा हात वर करा बरं." मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेजवळचा भाग, फार खोल कापला की हात वर करताना सगळा ब्लाऊज वर ओढला जातो, हे ज्या बाईला दिवसभर फळ्यासमोर उभे राहावे लागते तिला चांगले ठाऊक असते, पण आजवर मला कोणत्याही शिंप्याने ते विचारले नव्हते. शेतात जाणाऱ्या बायकांचे माप त्या पुढे वाकायला लावून घेतात, कारण कापूस वेचताना पाठ ताणली जाते.

ब्लाऊज साधाच आहे: चार टक (आकार येण्यासाठी घातलेल्या शिवलेल्या चुण्या), गोल गळा, कोपरापर्यंत बाही. दोन्ही बाह्यांवरचे मोर एकाच उंचीवर आहेत आणि पुढच्या पट्टीवर वेल तुटलेली दिसत नाही. आतल्या बाजूला दोन्हीकडे एकेक इंच कापड राखले आहे, म्हणजे पुढे गरज पडली तर उसवून सैल करता येईल. गळ्याची पायपिंग, म्हणजे कडेची बारीक गोट, त्याच कापडाच्या तिरप्या पट्टीची आहे आणि ती कुठेही उभी राहत नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. आठ दिवसांचा वायदा होता, लग्नसराईमुळे तेरा दिवस लागले. वरून दुसरा हुक तिसऱ्या धुण्यातच सुटला. परत नेल्यावर त्यांनी काही न घेता सगळेच हुक दुहेरी दोऱ्याने पुन्हा लावून दिले. ब्लाऊज घालून पाहण्यासाठी केवळ पडद्याचा आडोसा आहे, तिथे दार असायला हवे. अस्तरासह शिलाई 250 रुपये पडली, आणि एवढ्या काळजीने केलेल्या कामाला ती मला जास्त वाटत नाही.

माझ्या मुलीसाठी घेतलेले निळ्या छापाचे दुसरे पीस सध्या भिजवून अंगणातल्या सावलीत वाळत घातले आहे. या वेळी लग्नसराई संपल्यावरच देणार आहे.