मल्टिकास्टची अडचण शोधताना वायरशार्क: एक अभिप्राय

एकाच खासगी नेटवर्कवर विंडोज, उबंटू आणि मॅक अशी तिन्ही प्रकारची यंत्रे असतील आणि त्यांच्यात मल्टिकास्टने, म्हणजे एकदाच पाठवून गटातील सर्व यंत्रांपर्यंत, माहिती पोहोचवायची असेल, तर नेटवर्कवरून जाणारी पॅकेट (माहितीचे तुकडे) टिपून दाखवणाऱ्या वायरशार्कची आज ना उद्या गरज पडतेच. नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कमधील आमच्या कार्यालयात ती पडली आणि हा अभिप्राय त्या कामापुरताच आहे. हे सॉफ्टवेअर मोफत व मुक्तस्रोत आहे. १९९८ मध्ये जेराल्ड कोम्ब्स यांनी ते इथरियल या नावाने आणले आणि २००६ पासून ते सध्याच्या नावाने ओळखले जाते.

आमच्याकडे उबंटूवरील प्रोग्राम २३९.१०.१०.५ या गटाच्या पत्त्यावर पॅकेट पाठवत होता. सुरू करताच मॅकवर ती दिसू लागली, विंडोजवर मात्र काहीच येत नव्हते. पिंग, म्हणजे यंत्रे एकमेकांना उत्तर देतात का ही चाचणी, दोन्हीकडून व्यवस्थित चालत असल्यामुळे केबलवर किंवा आयपी पत्त्यांवर संशय घेण्यात अर्थ नव्हता. विंडोजच्या लॅन कार्डावर कॅप्चर (पॅकेट टिपणे) सुरू करून फिल्टरच्या पट्टीत केवळ आयजीएमपी, म्हणजे मल्टिकास्ट गटांच्या सभासदत्वासाठीचा प्रोटोकॉल, लिहिले, तेव्हा गटात सामील होण्याची विनंती त्या कार्डातून बाहेरच पडत नसल्याचे दिसले. तीच विनंती आभासी संगणक चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्सने तयार केलेल्या आभासी कार्डावर सापडली. कोणत्या कार्डावरून सामील व्हायचे हे प्रोग्रामने सांगितले नाही, तर विंडोज स्वतःच्या मार्ग-तक्त्यानुसार निवड करते आणि ती निवड अशी भलतीकडे जाऊ शकते. कोडमध्ये लॅन कार्डाचा पत्ता स्पष्ट दिल्यावर विनंती योग्य ठिकाणाहून जाऊ लागली.

यानंतर वायरशार्कमध्ये पॅकेट दिसू लागली, तरी प्रोग्रामला ती मिळत नव्हती. नवख्या माणसाचा येथे हमखास गोंधळ होतो, म्हणून हे नीट लक्षात घ्यावे: वायरशार्क येणारे पॅकेट फायरवॉलच्या, म्हणजे नको ती पॅकेट अडवणाऱ्या भिंतीच्या, आधी टिपते. पडद्यावर पॅकेट दिसले म्हणजे ते प्रोग्रामपर्यंत पोहोचले असे नव्हे. पण ते यंत्राच्या दारापर्यंत आले आहे आणि अडथळा आतच आहे, एवढे मात्र निश्चित होते. आमच्या विंडोजवर नेटवर्कची नोंद ‘पब्लिक’ अशी होती. ती ‘प्रायव्हेट’ करून प्रोग्राम वापरत असलेल्या यूडीपी पोर्टसाठी फायरवॉलमध्ये परवानगीचा नियम घातल्यावर अडथळा दूर झाला.

वायरशार्कचे खरे मोल मला तिसऱ्या टप्प्यावर कळले. सगळे सुरळीत चालले असे वाटत असतानाच चार-साडेचार मिनिटांनी विंडोज आणि मॅक दोन्हींकडची पॅकेट बंद पडत. प्रोग्राम पुन्हा सुरू केला की परत येत. नेमक्या वेळाने थांबणारी गोष्ट कुठल्या तरी घड्याळावर चाललेली असते, या विचाराने कॅप्चर तसाच चालू ठेवला. त्यात यंत्रांच्या सामील होण्याच्या विनंत्या होत्या, परंतु ‘अजून कोण गटात आहे’ अशी चौकशी करणारे एकही पॅकेट नव्हते. यंत्रांना जोडणाऱ्या स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे आयजीएमपीचे निरोप पाहून सभासद ओळखणे, चालू असले की स्विच गटाची पॅकेट फक्त सभासदांच्या पोर्टवर सोडतो आणि उत्तर आले नाही, तर ठरावीक काळाने सभासदाचे नाव काढून टाकतो. चौकशीचे प्रमाणित अंतर १२५ सेकंद आणि सभासदत्वाची मुदत २६० सेकंद आहे. आमच्या नेटवर्कवर मल्टिकास्ट राउटर नसल्यामुळे चौकशी करणारे कोणीच नव्हते. स्विचवरील क्वेरिअरची, म्हणजे ही चौकशी स्वतः पाठवण्याची, सोय चालू करताच प्रवाह अखंड झाला. हे निदान केवळ सेटिंग्ज चाळून झाले नसते. न आलेले पॅकेट ओळखायला आलेल्या सर्व पॅकेटांची वेळेनुसार नोंद समोर असावी लागते आणि ती वायरशार्क फार स्वच्छपणे देते.

उणिवाही आहेत. विंडोजवर पॅकेट टिपण्यासाठी एनपीकॅप हा घटक सोबत बसवावा लागतो आणि लिनक्सवर सामान्य वापरकर्त्याला कॅप्चरची परवानगी वेगळी द्यावी लागते. कॅप्चर बराच वेळ चालू ठेवल्यास स्मृती भराभर भरते, म्हणून हवी तीच पॅकेट टिपणारा कॅप्चर फिल्टर आधीच लावणे बरे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वायरशार्क स्वतः कोणत्याही गटात सामील होत नाही. स्नूपिंग असलेल्या स्विचवर ते गटात सामील नसलेल्या एखाद्या लॅपटॉपवर चालवले, तर प्रवाह दिसणार नाही आणि पाठवणाऱ्यावर विनाकारण ठपका येईल. अशा वेळी त्याच लॅपटॉपवर नेटवर्कची चाचणी घेणाऱ्या आयपर्फची दुसरी आवृत्ती श्रोता म्हणून चालवावी. ती गटात सामील होते, तर तिसऱ्या आवृत्तीत मल्टिकास्टची सोयच नाही. या जोडीसह मी वायरशार्कला पाचपैकी साडेचार गुण देईन. अर्धा गुण कापला तो नवख्यांसाठी: कारण शोधून देण्याचे काम ते करत नाही, पुरावा वाचता येणे हे वापरणाऱ्यावरच सोडते.