मालकी न्याय्य कशाने: श्रमाने की संकेताने?

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या (१६८९) मते पडीक जमीन कसणारा तिच्यात आपले श्रम मिसळतो, म्हणून ती त्याची. अटी दोन: इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले उरावे; घेतलेले नासू नये. घोडे अडते पहिल्या अटीवर. शेवटचा तुकडा घेणारा ती मोडतो. मग त्याला ही वेळ आणणाऱ्या आधीच्यानेही मोडली, अशी साखळी थेट पहिल्या माणसापर्यंत उसवत जाते. अमेरिकी तत्त्वज्ञ रॉबर्ट नॉझिकचा (१९७४) श्रम मिसळण्यावरचा प्रश्नही बोचराच: डबाभर टोमॅटोचा रस समुद्रात ओतला, तर समुद्र माझा झाला की रस वाया गेला?

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम (१७४०) या भानगडीत पडतच नाही. वस्तू अपुऱ्या, माणसे स्वार्थी. म्हणून ताबा, दीर्घ वहिवाट, वारसा हे नियम सगळे संकेत म्हणून, म्हणजे परस्परांच्या समजुतीने, पाळतात आणि त्यातून मालकी उपजते. तंटे मिटवायला हे सोयीचे. पण लुटीचा ताबाही काळाने पक्का होतो. तिथे लॉककडे निदान तक्रारीला जागा आहे.