युरो २०२८ : मुक्काम ग्लासगोत करावा की डब्लिनमध्ये?

युरो २०२८ ही युरोपीय देशांची फुटबॉल स्पर्धा ९ जून ते ९ जुलै या काळात इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड आणि आयर्लंडमधील आठ शहरांत होणार आहे. एक-दोन सामने पाहून उरलेले चार-पाच दिवस एकाच शहरात निवांत हिंडायचे असतील, तर लंडनचा मोह आवरून ग्लासगो आणि डब्लिन यांचा विचार करावा. सामना दीड-दोन तासांत संपतो. त्यामुळे निवड करताना सामना नसलेल्या दिवशी काय करणार, हाच खरा प्रश्न आहे.

स्टेडियमच्या बाबतीत डब्लिन निर्विवाद सरस आहे. जुन्या लान्सडाउन रोड मैदानाच्या जागी २०१० साली उभे राहिलेले स्टेडियम शहराच्या मध्यभागापासून पायी गाठता येते, आणि डार्ट या लोकल रेल्वेचे स्थानक त्याला लागूनच आहे. मागच्या घरांचा उजेड अडू नये म्हणून त्याची उत्तरेकडील बाजू मुद्दाम बुटकी ठेवली आहे. ग्लासगोचे हॅम्पडेन पार्क मात्र शहराच्या दक्षिणेला आहे. तिथे सेंट्रल स्थानकावरून माउंट फ्लोरिडाची गाडी पकडून जावे लागते, आणि मैदान लंबगोल असल्याने गोलमागच्या जागांवरून खेळ बराच दूर दिसतो. तिकिटे काढताना हे ध्यानात ठेवावे.

तरीही ज्याला फुटबॉलचे वेड आहे, त्याने ग्लासगोच निवडावे, असे माझे मत आहे. १९०३ पासून उभ्या असलेल्या या हॅम्पडेनमध्ये १९३७ साली स्कॉटलंड-इंग्लंड सामन्याला जवळपास दीड लाख प्रेक्षक जमले होते. आज तिथे सुमारे ५२ हजारांचीच सोय आहे. आवारातच स्कॉटिश फुटबॉल संग्रहालय आहे. त्याहून मौजेची जागा पार्टिक भागात आहे. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यातील पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना तिथल्या हॅमिल्टन क्रेसेंटवर झाला आणि गोलशून्य बरोबरीत सुटला. ते मैदान एका क्रिकेट क्लबचे होते व आजही आहे, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला तिथे परके वाटण्याचे कारण नाही. १८९६ पासून धावणारी, पंधरा स्थानकांची वर्तुळाकार भुयारी रेल्वे या भागात नेऊन सोडते. पायी अंतरावरच केल्विनग्रोव्ह संग्रहालय आहे, जिथे साल्वादोर दालीचे क्रूसावरील ख्रिस्ताचे प्रसिद्ध चित्र विनामूल्य पाहता येते. एक दिवस राखून ठेवला, तर रेल्वेने तासाभरात एडिंबरा गाठता येते.

सोबतच्या मंडळींना फुटबॉलमध्ये रस नसेल, तर मात्र पारडे डब्लिनकडे झुकते. ट्रिनिटी कॉलेजमधील सुमारे बाराशे वर्षांपूर्वीचे ‘बुक ऑफ केल्स’ हे हस्तलिखित पाहायला तिकीट पडते. परंतु पौर्वात्य हस्तलिखिते आणि चित्रे असलेला चेस्टर बीटी संग्रह व राष्ट्रीय चित्रसंग्रहालय यांना प्रवेशशुल्क नाही. डार्टने हाउथला उतरून कड्यावरच्या वाटेने समुद्र पाहत केलेली पायपीट, विशेषतः जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असताना, मुलांनाही आवडेल. टेम्पल बार या पबांच्या गजबजलेल्या भागात संध्याकाळी एक फेरफटका मारावा. जेवायला बसण्यासाठी ती जागा महाग आहे.

व्हिसाचा हिशेब आधी करावा. आयर्लंड आणि ब्रिटन दोन्ही शेंगेन या युरोपीय देशांच्या सामाईक व्हिसा-क्षेत्राबाहेर आहेत, आणि दोघांचे व्हिसा वेगवेगळे आहेत. भारतातून अर्ज करणाऱ्या भारतीयांसाठी ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे. तिची नोंद असलेल्या व्हिसावर दोन्ही देशांत जाता येते. मात्र ज्या देशाने व्हिसा दिला, त्या देशात आधी उतरावे लागते. म्हणून दोन्ही शहरांत सामने पाहायचे असतील, तर पहिला सामना कोणत्या शहरात आहे हे पाहून मगच त्या देशाकडे अर्ज करावा.