करेक्शन न सांगणारा क्लायंट

आधीच सांगते, मी ओटीपी कुणाला दिला नाही. लिंक उघडली नाही, क्यूआर स्कॅन केला नाही. 'मी आर्मीतून बोलतोय, दोनशे कार्डं हवीत' म्हणणारे दोघं माझ्याकडे याआधी येऊन गेलेत आणि दोघांनाही मी वाटेला लावलंय. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे घरात सासूबाईंपासून भाचीपर्यंत सगळ्यांना मीच शिकवलंय. तरीही आज माझं खातं गोठलेलं आहे आणि कुठल्यातरी परराज्यातल्या पोलिसांच्या कागदावर ते 'म्यूल' खातं आहे. म्हणजे चोरीचा माल वाहणारं खेचर. तेरा वर्षं सांगलीत डिझाइनचं काम करून ही पदवी मिळाली.

माझं काम काय, तर विश्रामबागेत घराच्या वरच्या खोलीत एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि मी. हळदीची, मसाल्याची पाकिटं, तासगावच्या बेदाण्याचे बॉक्स, लग्नाच्या पत्रिका, निवडणूक आली की फ्लेक्स. पोटापाण्याचं हे. त्याशिवाय गेली चार वर्षं स्वतःसाठी एक फॉण्ट काढतेय. गणपती पेठेत, हरभट रोडला दुकानांवर ब्रशनं रंगवलेल्या जुन्या पाट्या होत्या, त्यातल्या काही 2019 च्या महापुरात गेल्या, काही दुकानदारांनी नंतर स्वतःच उतरवून फ्लेक्स लावले. उरलेल्यांचे फोटो काढले आणि त्या वळणावर अक्षरं बेततेय. देवनागरी म्हणजे नुसती बाराखडी नाही, जोडाक्षरंच शेकड्यांनी. मराठी 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळे. पैसा शून्य मिळतो त्यातून. पण जमलेली अक्षरं अधूनमधून इन्स्टाग्रामवर टाकते.

तिथंच त्यानं मला पकडलं.

11 फेब्रुवारीला मेसेज आला. गुजरातमधल्या उंझ्याची मसाल्याची कंपनी, जिरं-बडीशेप एक्स्पोर्ट करतात, आता महाराष्ट्रात हळद विकायची आहे. जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली सांगलीची हळद म्हणून पाकिटंही सांगलीतल्याच माणसाकडून हवीत. मग म्हणाला, 'मॅम, आपका ळ देखा. हमारी गुजराती में भी ळ है, लेकिन ऐसा घुमाव नहीं देखा.'

माझा 'ळ'! त्या 'ळ'वर मी अकरा दिवस घालवलेत. एका भांड्यांच्या दुकानाच्या पाटीवरचा आहे तो. दोन पोटं सारखी नाहीत, डावं जरा मोठं, आणि खालचं वळण रंगाऱ्यानं ब्रश न उचलता एका दमात ओढलंय. माझ्या नवऱ्याला आजतागायत त्यात काही दिसलेलं नाही. या माणसाला दिसलं. मी विरघळले. लिहायला लाज वाटतेय, पण लिहिते, कारण माझ्यासारखे स्वतःचं काहीतरी करत बसणारे बरेच आहेत, आणि जे कुणी कधी बघत नाही तिथंच आपण उपाशी असतो.

कोटेशन दिलं 78,000 चं. लोगो, सहा पाउच, एक कार्टन. अर्धे आधी, म्हणजे 39,000. त्यानं घासाघीस केली नाही. इथं थांबायला हवं होतं. सांगलीत मला तेरा वर्षांत एकही माणूस भेटला नाही, ज्यानं आकडा ऐकून 'बघा की काहीतरी' म्हटलं नाही. हा मात्र 'डन' म्हणाला. मी त्याचा अर्थ असा लावला की शेवटी चांगला क्लायंट मिळाला.

पुढचं तर त्याहून. तीन लोगो पाठवले, दुसरा पसंत. बस. एक करेक्शन नाही! 'लोगो जरा मोठा करा' नाही, 'रंग उठावदार करा' नाही, 'आमच्या मेव्हण्यांना दाखवतो' नाही. ओपन फाइलही, म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल, मागितली नाही. या धंद्यातले आहेत ते आता वाचतावाचता हसले असतील. हसा. करेक्शन न सांगणारा क्लायंट अजून जन्मायचाय, हे मला माहीत होतं. मी स्वतः हे वाक्य चहा पिताना शंभर वेळा म्हटलंय. माणसाला खरंच वस्तू विकायची असते तेव्हा तो छळतो. ज्याला पाकिटाशी घेणंदेणं नाही त्याला सगळंच आवडतं.

आणि मॅटर! पाउचच्या मागच्या बाजूचं मॅटर मी चार वेळा मागितलं. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नपरवान्याचा, चौदा आकडी नंबर, निव्वळ वजन, पॅकिंगचा पत्ता, कस्टमर केअर. 'भेजता हूँ मॅम.' मी त्या जागी चौदा शून्यं टाकून पुढं काम केलं. ती फाइल अजून आहे माझ्याकडे. हिरव्या ठिपक्याखाली चौदा शून्यं. एकच गोष्ट त्यानं दिली, जीएसटी नंबर, बिलासाठी. त्याची सुरुवात 27 नं. मी रोज पाकिटांवर हे नंबर बसवते, 27 म्हणजे महाराष्ट्र, गुजरातचा 24 असतो, हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. डोळ्यांनी बघितलं, बिलावर टाकलं आणि पुढं गेले. महाराष्ट्रात ऑफिस असेल, असं मनातल्या मनात त्याच्या वतीनं उत्तरसुद्धा मीच दिलं. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की कुणाचा आहे ते दिसतं, फुकट, अर्ध्या मिनिटात. नंतर टाकून बघितला. कुणा बांधकामाच्या कंत्राटदाराचा होता. तुम्ही आधी टाका.

19 फेब्रुवारीला दुपारी पैसे आले. 39,000 नाही. 49,000, मग 49,500, मग 35,500. एकूण 1,34,000. तीन वेगवेगळ्या माणसांच्या नावांवरून, कंपनीचं नाव कुठंच नाही. मेसेज बघतेय तोवर फोन. अकाउंटवाल्यांनी घोळ घातला, प्रॉडक्टचे फोटो काढणाऱ्या फोटोग्राफरचे पैसेही तुमच्याच खात्यात टाकले, तो स्टुडिओत अडून बसलाय, 92,000 त्याला पाठवून द्या.

95,000 जास्त आलेत, असं मीच हिशेब करून त्याला सांगितलं. म्हणजे माझा प्रामाणिकपणा बघा. तर तो म्हणाला, 'वो तीन हज़ार आप रखिए मॅम, आपकी तकलीफ़ के.'

हा तो क्षण. रात्री जाग आली की हाच आठवतो. व्यापारी माणूस, मसाल्यातला, कधी कुणाला त्रासाचे तीन हजार देईल? माझे स्थानिक क्लायंट 18,000 च्या बिलात 17,500 देऊन 'राऊंड करा' म्हणतात. आणि मला त्या तीन हजारांनी संशय यायच्या ऐवजी बरं वाटलं. फॉण्ट बनवायचं जे सॉफ्टवेअर मला हवंय ते फक्त मॅकवर चालतं, त्यासाठी जुना मॅक घ्यायचा चाललंय, त्या डब्यात तीन हजार टाकायचे, एवढंच डोक्यात आलं. 50,000 आणि 42,000 असे दोनदा यूपीआयनं पाठवले. साधारण दिवसाला एक लाखाची मर्यादा असते, 92,000 त्यात बरोबर बसतात. आकडासुद्धा मापून काढलेला.

पुढचे नऊ दिवस मी पाउच करत होते. मन लावून.

28 तारखेला किराणा दुकानात पेमेंट होईना. ॲप उघडलं तर शिल्लक उणे 72,630. खात्यात होते 61,370, त्यातले 42,000 'त्यांचे' आणि 19,370 माझे, घामाचे. त्यावर 1,34,000 चा लिअन, म्हणजे तेवढी रक्कम बँकेनं अडवून ठेवलेली. मला आलेली ती तिन्ही पेमेंटं कुणाकुणाची लुबाडलेली होती, तिथं तक्रार झाली आणि माग काढत ते माझ्या खात्यापर्यंत पोचले. त्या तिघांबद्दल माझं काही म्हणणं नाही, त्यांचे पैसे त्यांना मिळायलाच हवेत. पण मी ठेवलेले 42,000 अडवा की. माझे 19,370 कशाला? आणि मार्चमध्ये बेदाणेवाल्यानं नेहमीप्रमाणे 18,000 टाकले, तेही आत गेले. त्याला आधी सांगायला हवं होतं की या खात्यात टाकू नका, पण काय सांगणार? लाज वाटली. लाजेचे 18,000. लॅपटॉपचा 6,250 चा हप्ता परत गेला, त्याचे 590 वेगळे.

आता बँक. शाखेतल्या साहेबांनी स्क्रीनकडे बघून सांगितलं, 'वरून आलंय.' वरून म्हणजे कुठून? तर एक ईमेल पत्ता आणि एक पोच क्रमांक, चिठ्ठीवर लिहून. आदेशाची प्रत मागितली तर 'ती तुम्हाला देता येत नाही.' तुमच्यावर कारवाई आहे पण कागद बघायचा नाही. दुसऱ्यांदा गेले तेव्हा तेच साहेब 'मॅडम, अनोळखी माणसाकडून पैसे घ्यायचेच कशाला?' म्हणाले. अहो, मी नोकरी करत नाही. अनोळखी माणसांकडून पैसे घेणं हाच माझा धंदा आहे! प्रत्येक क्लायंट पहिल्या दिवशी अनोळखीच असतो. तुमच्या बँकेत आलेला प्रत्येक कर्जदारसुद्धा.

मग पोलीस ठाणं. दोन तास बाकावर. ठाणे अंमलदारांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, 'म्हणजे तुम्ही तक्रारदार का आरोपी?' मी म्हटलं, माझी फसवणूक झालीय. 'पैसं तुमच्या खात्यात आलं, आणि फसवणूक पण तुमचीच व्हय?' शेजारचा हवालदार हसला. माझी तक्रार घ्या म्हटलं, तर गुन्हा तिकडं दाखल आहे, तिकडं जावा. कायद्यात झीरो एफआयआर आहे, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, हे मी घरी येऊन वाचलं. तिथं बाकावर बसल्यावर आठवत नाही आणि आठवलं तरी तोंडातून निघत नाही. शेवटी साधा अर्ज घेतला. शिक्का मारलेली प्रत मागितली तर शिक्केवाले जेवायला गेले होते. ते येईपर्यंत मी बसले. ती प्रत मिळाल्याशिवाय उठू नका.

तिकडच्या, म्हणजे परराज्यातल्या सायबर ठाण्याला मी सात ईमेल केले. कोटेशन, बिल, सगळं चॅट, लोगोच्या फाइली तारखांसकट, 92,000 कुठं गेले त्याचे यूटीआर, म्हणजे व्यवहाराचे नंबर. स्पीड पोस्टानंही पाठवलं. सातातल्या एकाला उत्तर आलं, त्यांच्या भाषेत. मोबाइलवर भाषांतर करून कळलं की मूळ कागद घेऊन समक्ष हजर व्हा. बाराशे किलोमीटर. व्हॉट्सॲप चॅटचा मूळ कागद कुठून आणू? ज्याच्या खात्यात मी 92,000 पाठवले त्याचं पुढं काय झालं, हे विचारायची सोय नाही. मी सापडते, कारण माझा पत्ता खरा आहे, आधार खरं आहे, वरच्या खोलीत मी खरीच बसलेली असते.

वकिलांना भेटले. त्यांनी सांगितलं, बीएनएसएसच्या (नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या) कलम 106 खाली पोलीस अशी खाती अडवू शकतात, पण तसं केल्याचं न्यायदंडाधिकाऱ्यांना ताबडतोब कळवायचं असतं, आणि पैसे सोडवायला तिकडच्याच कोर्टात अर्ज करावा लागेल. फी 15,000, प्रवास वेगळा. 19,370 आणि 18,000 सोडवायला. हिशेब तुम्हीच करा. बँकेकडे लेखी तक्रार दिली आहे, तीस दिवसांत धड उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार.

नवरा म्हणतो, जाऊ दे, कुणाला सांगू नको, क्लायंट बिचकतील. बिचकू देत. कुपवाडच्या प्रेसवाल्याला सांगितलं तेव्हा त्यानं मान खाली घालून सांगितलं, त्याच्या मेव्हण्याचंही खातं असंच चार महिने बंद होतं, पण 'बोललो नाही कुणाला.' सगळेच गप्प, म्हणून यांचं चालतं.

तेव्हा बाबांनो, एक रुपया जास्त आला तरी तो तिसऱ्याला पाठवू नका. फोनवरचा माणूस रडो, ओरडो, स्टुडिओत कुणी अडकू दे. बँकेत जाऊन लेखी द्या की चुकून आलेत, ज्या खात्यातून आले तिथंच परत करा, आणि पोच घ्या. बिल कंपनीचं आणि पैसे भलत्याच माणसाच्या नावावरून, तर काम सुरूच करू नका. धंद्याचं खातं आणि घरचं खातं वेगळं ठेवा. मी एकाच बचत खात्यावर सगळं चालवत होते, म्हणून मुलाच्या क्लासची फीसुद्धा अडकली. चॅट डिलीट करू नका, राग आला तरी. मी त्याला ब्लॉक करण्याआधी सगळं काढून ठेवलं, तेवढं एक शहाणपण केलं. आणि 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन करा. मी खातं गोठल्यावर दोन दिवसांनी केला, कारण दोन दिवस मला वाटत होतं की बँकेची काहीतरी चूक आहे.

त्याचा प्रोफाइल फोटो परवापर्यंत दिसत होता दुसऱ्या नंबरावरून. माझाच दुसरा लोगो लावला होता. पुढच्या माणसाला गंडवायला कंपनी खरी वाटावी म्हणून. म्हणजे काम तेवढं वापरलं गेलं.

कुणाचं सांगली-मिरजेतून असं खातं परराज्यातून सुटलं असेल तर कळवा, समक्ष न जाता सुटलं का आणि किती दिवस लागले. 31 मार्चला बँकेनं खात्यात व्याज जमा केलं, 214 रुपये. तेही गोठलंय.