ओकेएचटीटीपी: रेंज येते, रिक्वेस्ट अडकते
कोल्हापुरात डिलिव्हरीचं अँड्रॉइड ॲप करणाऱ्यांनी ओकेएचटीटीपी ही सर्व्हरशी बोलणारी (नेटवर्क रिक्वेस्ट पाठवणारी) तयार कोडची लायब्ररी जरूर घ्यावी, पण आहे तशी नको. राजारामपुरीतल्या दुकानाचं वायफाय सुटून फोन मोबाईल डेटावर आला, तरी एचटीटीपी/2 चं (एकाच कनेक्शनवर अनेक रिक्वेस्ट नेणाऱ्या पद्धतीचं) मेलेलं कनेक्शन पूलमध्ये, म्हणजे पुन्हा वापरायला ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्यात, राहू शकतं. नवी रिक्वेस्ट त्यावरच जाते आणि 10 सेकंदांचा रीड टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा) संपेपर्यंत स्क्रीनवर चक्र फिरत राहतं. कारण पिंगइंटरव्हल, म्हणजे कनेक्शन जिवंत आहे का हे बघायला किती वेळाने पिंग पाठवायचा ते सेटिंग, मुळात 0, म्हणजे बंद. तो 10 सेकंद ठेवा. पिंगला उत्तर आलं नाही की कनेक्शन बंद होतं. नेटवर्क परत आल्यावर इव्हिक्टऑल (पूल साफ करणारं फंक्शन) बोलवणं चांगलंच, पण ते फक्त रिकामी, म्हणजे त्या क्षणी वापरात नसलेली कनेक्शनं काढतं. अडकलेलं तसंच राहतं, आणि इथेच बरेच जण फसतात. कॉलटाइमआउटही (पूर्ण रिक्वेस्टची एकूण वेळमर्यादा) मुळात नसतो, तोही द्या. पोस्ट (ऑर्डर नोंदवणारी रिक्वेस्ट) पुन्हा पाठवताना ऑर्डरचा आयडी तोच ठेवा आणि सर्व्हरवर तो तपासा, नाहीतर एका मिसळीच्या दोन ऑर्डरी पडतील.